तिपाईचा हात

ऑपरेशन थिएटरमध्ये त्याला सगळे तिपाई म्हणत. नाव ठेवणाऱ्याने फारसं डोकं चालवलं नव्हतं, पण नाव चपखल बसलं होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात बेंबीपाशी छोटं भोक पाडून एक लांब नळी पोटात सारतात, आणि तिला जोडलेला कॅमेरा आतलं सगळं पडद्यावर दाखवतो. तो कॅमेरा धरून उभं राहायचं, हे त्याचं काम. डॉक्टर पोटात बघत नाहीत, पडद्यावर बघतात. म्हणजे हा दाखवील तेच आणि तेवढंच त्यांना दिसतं. सव्वीस वर्षं दुसऱ्याचे डोळे झालेल्या माणसाला लोकांनी स्टुलाच्या जातीतलं नाव दिलं, आणि ते त्यानेही मुकाट्याने घेतलं.

हाताचा मात्र त्याला भारी अभिमान. दीड-दीड तास चित्र तसूभर हलत नसे. काच धुरकटली की नळी बाहेर काढायची, कोमट पाण्यात बुडवायची, पुसायची आणि नेमकी पहिल्याच जागी परत न्यायची, हे तो झोपेतही करू शकला असता. भाच्याने फोनवर काढलेला व्हिडिओ लागला की हा उठून बाहेर जाई. चित्र हलतं, मळमळतं म्हणे. बायको म्हणायची, "तिथे एवढे ताठ उभे राहता, मग इथे बल्ब बदलताना स्टूल मी का धरायचं?"

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने एक आगळीक केली होती. पाहुणे डॉक्टर बघायला आलेले, मोठे डॉक्टर पोटातली एक नळी कापायच्या बेतात, आणि हा बोलला, "साहेब, ती नळी दुसरी वाटते." नळी खरंच दुसरी होती. मोठ्या डॉक्टरांनी चिमटा मागे घेतला, बरोबर नळी कापली, आणि ऑपरेशन संपल्यावर सगळ्यांसमोर त्याची अशी खरडपट्टी काढली की तो पुन्हा टेबलाशी कधी तोंड उघडेना. "इथे एकच माणूस बोलतो," ते म्हणाले.

मग त्याने स्वतःची युक्ती काढली. शंका आली की कॅमेरा हळूच सरकवायचा, शंकेची जागा पडद्याच्या मधोमध आणायची, मागे न्यायचा, पुन्हा तिथेच आणायचा. दोनदा. मोठे डॉक्टर थांबत, निरखून बघत, चिमट्याची जागा बदलत. यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही. मोठ्या डॉक्टरांच्या हातून कधी चूक होत नाही, असं सगळीकडे बोललं जाई, आणि तिपाईला त्यातच आपला पगार मिळाल्यासारखं वाटे. भोळाच होता तो.

मोठ्या डॉक्टरांची मुलगी शिकून आली आणि टेबलाशी उभी राहू लागली. ही लहान असताना त्याने हिला बाहेरच्या बाकावर बसवून चित्रं काढून दिली होती. ती त्याला काका म्हणे. हात चांगला होता तिचा, फक्त घाई होती.

त्या सकाळी टेबलावर शिवणकाम करणारी एक बाई होती. दोन लहान मुलांची आई, पित्ताशयात खडे. पित्ताशयाची बारीक नळी चाप लावून कापायची असते, आणि तिला लागूनच यकृतातून येणारी मुख्य नळी असते. सूज असली की दोन्ही एकमेकींना चिकटतात. मुख्य कापली गेली तर माणूस जिवावरच्या दुखण्यात अडकतो.

मुलीने चाप नेला तो मुख्य नळीवरच. तिपाईने कॅमेरा सरकवला, मागे नेला, पुन्हा सरकवला.

"काका, स्थिर धरा ना," ती म्हणाली.

त्याने तिसऱ्यांदा सरकवला.

"काका, काय चाललंय? हात दुखतोय का?"

नर्स हसली. बोलायला तेवढाच वेळ होता. त्याच्या घशात शब्द आलेही होते, पण सव्वीस वर्षांत ती वाट बुजून गेली होती. त्याने कॅमेरा स्थिर केला. इतका स्थिर, की ती नळी कापली जाताना अगदी स्वच्छ दिसली.

चौथ्या दिवशी बाई पिवळी पडली. पोटात पित्त साचलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पोट उघडून आतड्याचा तुकडा यकृताला जोडला. बाई वाचली, पण पोटावर हातभर टाके, बाजूने नळी, आणि पुढे वर्षानुवर्षं तापाची धास्ती.

चौकशीला मोठ्या डॉक्टरांसह चौघे बसले, समोर मुलगी आणि तिपाई. ऑपरेशनचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात आवाज नव्हता. चाप येतो, चित्र हलतं, पुन्हा हलतं, तिसऱ्यांदा हलतं, आणि कात्री बसते. तिपाई पडद्याकडे बघतच नव्हता. तो मोठ्या डॉक्टरांकडे बघत होता. चित्र पहिल्यांदा सरकलं तशी त्यांची मान आपोआप त्या बाजूला वळली. जुनी सवय. त्यांना सगळं वाचता आलं होतं.

"हात हलतोय याचा," मोठे डॉक्टर म्हणाले.

"साहेब," तिपाई म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे तो का हलतो."

"वय झालं रे. कुणाचं होत नाही?" ते इतक्या मायेने म्हणाले की बाकीच्या तिघांना त्याची कीव आली. मुलगी टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिली. तिपाईची निवृत्ती एका वर्षावर आलेली. ते सांभाळून घेऊ, फक्त नातेवाइकांना भेटून दोन शब्द बोल, असं ठरलं. आणि हा हो म्हणाला.

खोलीत शिवणकामवाल्या बाईची आई आणि नवरा बसले होते. मोठे डॉक्टर दाराशी उभे राहिले.

"माझा हात हलला," तिपाई म्हणाला. "माफ करा."

म्हातारीने त्याला नीट बघून घेतलं. "हात काय, हलतो कधी कधी," ती म्हणाली. "माझाही हलतो. पण तुम्ही तर समोरच बघत होतात. चुकीचं कापतायत हे तुम्हाला दिसलं नाही?"

नाही म्हटलं असतं तर सुटला असता. दाराशी मोठे डॉक्टर खाकरले.

"दिसलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

त्याने दाराकडे पाहिलं.

"माझ्या पोरीला कापत होते आणि तुम्ही बघत उभे राहिलात," म्हातारी सावकाश म्हणाली. मग जावयाला म्हणाली, "यांना बाहेर काढ."

जावई उठला. दंडाला धरून त्याने तिपाईला बाहेर नेलं. दार लागता लागता आतून म्हातारीचा आवाज आला. ती मोठ्या डॉक्टरांना सांगत होती, की तुम्ही होतात म्हणून पोर वाचली.