प्रज्ञाचा डावा हात

हानाचा फोन आला तेव्हा शाळेत शिकवायला निघालेली मी चिखलीच्या एस.टी. स्टँडवर उभी होते. हाना म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, प्रज्ञाची, जर्मनीतली मैत्रीण. प्रज्ञा पियानो वाजवायची, ही व्हायोलिन. तिचं इंग्रजी अडखळतं, माझंही तसंच. तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं आणि मी नुसती 'हॅलो, हॅलो' करत राहिले... कळलं नव्हतं असं नाही. मग आमच्या गावाची, धाडची, जीप लागली, आणि दुसरं काही न सुचून मी तिच्यात बसले. धाडच्या घरी आई दारात मेथी निवडत होती. "काऊन व, आज कशी आली? शाळा नाई का?" तिनं विचारलं. मी तिच्याजवळ बसून मेथीची जुडी हातात घेतली. सांगायला फार वेळ लागला.

धाडची मुलगी परदेशात पियानो वाजवते, स्वतःचं संगीत रचते, याचं लोकांना नवल वाटायचं. आमचे बाबा शाळामास्तर. विहारातल्या कार्यक्रमांना ते पेटी वाजवायचे आणि प्रज्ञा त्यांच्या मांडीवर बसून पट्ट्या दाबायची. दहावीनंतर ती औरंगाबादला शिकायला गेली. तिथल्या एका चर्चमध्ये तिनं पहिल्यांदा पियानो पाहिला आणि धावत जाऊन बाबांना फोन केला, "बाबा, याले भाताच नाई! दोन्ही हात मोकळे राह्यतात!" चर्चमधल्या म्हाताऱ्या बाईंनी तिला शिकवलं. पुढे पुणे. तिथं तिचं 'मले-तुले' ऐकून मुली हसायच्या, म्हणून ती बोलायचीच बंद झाली आणि दिवसभर वाजवत राहिली. मग शिष्यवृत्ती मिळाली आणि जर्मनी. तिथल्या मोठमोठ्या सभागृहांत ती वाजवू लागली. बाबा गेले तेव्हा ती कार्यक्रमाच्या दौऱ्यावर होती; पोचली ती तिसऱ्या दिवशी. आईनं तर तिला पियानोवर समोरासमोर कधी ऐकलंच नाही.

आणि ऐन भरात तिचा उजवा हात फिरला. शेवटची दोन बोटं वाजवताना आपोआप आत वळायची. डॉक्टर म्हणाले, हातात काही दोष नाही, मेंदूच बोटांना चुकीचं सांगतो आहे. तिनं महिनोन्‌महिने उपचार घेतले, लहान मुलांसारखं पहिल्यापासून शिकून पाहिलं. त्या हिवाळ्यात ती घरी आली. चुलीपुढं बसून तिनं भाकरी थापली, छान गोल. आई बघतच राहिली. "हात तं चांगला चालते तुहा. मंग वाजवाले काय झालं?"

"तेच तं मले समजत नाई, आई," प्रज्ञा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला वाटलं, असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी तिनं बाबांची पेटी काढली. उजव्या हातानं भाता आणि डाव्या हातानं सूर. आईसाठी बाबांच्या आवडीची गाणी वाजवली. अधूनमधून अडखळली, हसली. आई डोळे पुसत होती, पण तिचा चेहरा खुलला होता. परत गेल्यावर प्रज्ञानं मैफली सोडल्या आणि ती फक्त रचना करू लागली. त्या दुसरेच कुणी वाजवायचे. "आपलं लेकरू दुसऱ्याच्या कडेवर पाहावं तसं वाटते," ती मला फोनवर म्हणाली होती.

पुढं जडलेल्या जीवघेण्या आजाराचं तिनं उशिरा सांगितलं. कदाचित तिलाच उशिरा कळलं असेल... मी व्हिसासाठी अर्ज केला. मुलाखतीची तारीख मिळाली ती पुढच्या महिन्यातली. मी चौकशी करत राहिले, विनवण्या करत राहिले. फोनवरचा व्हिसा कचेरीतला माणूस सभ्यपणे तेच तेच सांगत राहिला. ती तारीख यायच्या आधीच प्रज्ञा गेली.

अंत्यसंस्कार आम्ही फोनवर पाहिला. तांब्याला टेकवून फोन उभा केला होता. भंतेजी आले होते. इकडं आम्ही त्रिशरण म्हटलं आणि तिकडं काळ्या कोटातली, आम्हाला अनोळखी माणसं मान खाली घालून उभी होती. शवपेटी दिसली तशी आई पुढं सरकली, तिनं पडद्यावरून हात फिरवला आणि फोन कट झाला. पुन्हा लागेपर्यंत तिथं फक्त रिकामा हॉल होता. "म्याच कापला का व?" आई विचारत राहिली. रेंज गेली होती, असं मी तिला सांगितलं.

नंतर हानानं प्रज्ञाच्या शेवटच्या रचनेचं रेकॉर्डिंग पाठवलं. ती एकट्या डाव्या हातासाठी आहे. मला त्यातलं फारसं समजत नाही. मध्येच सूर थांबतात, बराच वेळ काहीच वाजत नाही आणि मग ते परत येतात. रविवारी दुपारी, पूर्वी तिचा फोन यायचा त्या वेळेला, आई आणि मी गच्चीवर जाऊन ते लावतो. त्या जागेवर आल्यावर आई दर वेळी विचारायची, "बंद पडलं का व?"

गेल्या रविवारी तिनं विचारलं नाही. ती शांतता मलाच सोसवेना. फोन बघायला मी हात पुढं केला, तर आईनं तो धरला.

"थांब," ती म्हणाली. "येते आता."