साडूंनी परराष्ट्रात लावलेली रांग

जगाच्या पाठीवर कोठेही उतरलो तरी आपण लालबागेतच आहोत, यावर माझ्या साडूंचा जितका गाढ विश्वास आहे तितका कोणत्याही सरकारचा स्वतःच्या नकाशावर नसेल. आमच्याच चाळीत, माझ्या डोक्यावरच्या खोलीत त्यांचे बिऱ्हाड होते. आयुष्यभर ते पाणीखात्यात चावीवाले होते; रस्त्यातली झाकणे उघडून वस्तीवस्तीचे पाणी सोडायचे आणि बंद करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी दरवर्षी एक परदेश, कमीत कमी खर्चात आणि जास्तीत जास्त पायी, तुडवण्याचे व्रत घेतले. या व्रतात सामील होण्याची त्यांची निमंत्रणे मी नेहमीच लेखी नाकारीत आलो. नेपाळच्या वेळी माझे उत्तर तीन पानांचे होते. साडूंनी त्याच्या कोऱ्या बाजूंवर सामानाची यादी केली आणि तीत पहिल्या क्रमांकावर माझे नाव घातले.

तरीही मी गेलो, त्याचे कारण कायदेशीर होते. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचा जो करार विकासकाने पुढे केला होता, तो पहिल्या कलमापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत संतापजनक होता. भाडेकरू संघाचा चिटणीस या नात्याने मी त्याविरुद्ध इतकी पत्रे लिहिली होती की आवकजावक कारकून मला अक्षरावरून ओळखू लागले होते. वरच्या मजल्यावरचे सगळे भाडेकरू साडूंच्या तोंडाकडे पाहत. साडूंनी संमतिपत्रावर सही केली की मजला फुटला, आणि मजला फुटला की लढा संपला. ‘सही करणार नाही’ असा शब्द त्यांनी मला दिला होता. तोंडीच, आप्ताकडून तो लेखी मागणे मला प्रशस्त वाटले नाही. मात्र संमतीची मुदत नेमकी सहलीच्या नंतरच्या आठवड्यात संपत होती. अशा वेळी साक्षीदाराला नजरेआड होऊ देणे शहाणपणाचे नव्हते.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे बस आणि सरहद्द पायी, असे आम्ही तिघे गेलो. तिसरे म्हणजे साडूंचे बालमित्र, लालबागेत मसाला कांडून देणारे गृहस्थ. त्यांच्या पिशवीमुळे बसमधील सर्व प्रवासी शिंकत होते. परराष्ट्रात पाऊल टाकताना माणसाने क्षणभर तरी गंभीर व्हावे, म्हणून मी थांबून कोटाची बटणे लावली. साडू तोवर पलीकडच्या शिपायाला विचारीत होते, “काय रे बाबा, चहा खंय बरो मिळता?” शिपायाने बोटाने दुकान दाखवले. चहा खरोखरच चांगला होता. त्यानंतर संपूर्ण नेपाळात साडू तिथल्या लोकांशी मालवणीच बोलले आणि त्यांना सर्व काही मिळत गेले. मी शुद्ध हिंदीत विचारलेल्या प्रश्नांना लोक नम्रपणे हसत.

डोंगरातल्या वाटेवर जी मुक्कामाची घरे असतात, तेथे जेवण त्याच घरी घेण्याच्या अटीवर खोली जवळजवळ फुकट मिळते. साडूंनी या अटीचा अर्थ ‘जेवण त्या घरात व्हावे’ असा लावला आणि घरून आणलेली सुकट घेऊन सरळ चुलीपाशी जाऊन बसले. हा गर्भित कराराचा भंग आहे, असे मी त्यांना बजावले. “वकीलसाहेब,” ते म्हणाले (मी वकील नाही, लघुवाद न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो), “भंग नंतर करू, आधी सुकट परता.” घरमालकिणीने ती सुकट चाखली, मसालेवाल्यांकडून पुडी मागून घेतली आणि आम्हांला आणखी एक रजई दिली. दुसऱ्या एका गावात साडूंना गळकी नळजोडणी दिसली. सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून त्यांनी ती बंद केली, मग संपूर्ण गावाचे नळ तपासले. त्या गावचे पाणीखाते त्या दिवशी एका परकीय नागरिकाच्या ताब्यात होते आणि याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. मी शोधली होती.

तिसऱ्या दिवशी झुलता पूल आला. रुंदी एका खेचराची, खाली नदी, आणि फळ्यांच्या फटींतून ती दिसण्याची पूर्ण सोय. दोन्ही तीरांवर खेचरांचे तांडे, गोरे प्रवासी आणि भारवाहक एकमेकांत अडकून पडले होते. साडूंनी चाळीस वर्षे गणेशोत्सवात स्वयंसेवक म्हणून गर्दी आवरली आहे. तुंबलेली गर्दी पाहिली की त्यांच्या अंगात काहीतरी जागे होते. त्यांनी पिशवीतून दोर काढला. “मुखदर्शन इकडून, चरणस्पर्श तिकडून!” अशी गर्जना झाली. माणसे मुखदर्शनाच्या रांगेत लागली. खेचरे, ज्यांना वेळ लागतो, ती चरणस्पर्शात. एका उंच गोऱ्या बाईंनी निमूटपणे दोराचे टोक धरले.

“वकीलसाहेब, शिट्टी घ्या.”

“मला तसा अधिकार नाही.”

“अहो, शिट्टी हाच अधिकार.”

मी शिट्टी वाजवली. समोरचा तांडा थांबला. चिटणीसपदाच्या दीर्घ कारकिर्दीत माझ्या आदेशाची इतकी तत्काळ अंमलबजावणी पूर्वी झाली नव्हती.

रांगा संपल्या, तेव्हा अलीकडे मी एकटाच उरलो. पूल ओलांडण्यास मी नकार दिला, कारणेही सांगू लागलो. साडूंनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि भाविकांना म्हणतात त्याच स्वरात, “चला पुढे, थांबू नका, मागे लोक आहेत,” असे म्हणत मला पलीकडे नेले. मागे कोणीही नव्हते.

पलीकडे एका खडकावर त्यांनी मला बसवले, पाणी दिले. मसालेवाले मुद्दाम पुढे निघून गेले.

“मला सही करायची आहे,” साडू म्हणाले.

मी काही बोलणार, तोच त्यांनी हात वर केला. “चाळीत तुमच्याशी बोलायला आलो की तुम्ही फाईल काढता. म्हणून हितवर आणलं. तुमची मेहुणी गॅलरीच्या टोकाला संडासाला जाते ना, ती भिंत धरून जाते. दोनदा बसली खाली. तुम्हांला सांगू नको म्हणाली. बिल्डर देतो ते भाडं घेऊन लिफ्टवाल्या जागेत नेतो तिला. करार वाईट आहे, तुमचं खरंय. तुम्ही लढा. पण मला दिल्या शब्दातनं सोडा.”

“आणि सोडले नाही तर?”

“तर नाही करणार सही,” ते म्हणाले. “शब्द दिलाय.”

मी विचाराला मुदत मागितली. “परतताना हाच पूल आहे,” ते म्हणाले आणि पुढचे चार दिवस त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. हिमशिखरे पाहिली, ती चांगली होती.

परतताना पुलाच्या मध्यावर मी म्हणालो, “तुम्ही मोकळे आहात.”

“काय?” मागून आवाज आला. “पाण्याचा आवाज हा! जोरात बोला!”

एका हाताने तार धरून, समोरच्या तीरावर खोळंबलेल्या खेचरांच्या देखत, मला ते वाक्य दुसऱ्यांदा ओरडावे लागले. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आले होते, असे मला आजही वाटते.

संमतिपत्राबरोबरचे पत्र मीच लिहून दिले, म्हणजे निदान मेहुणीच्या लिफ्टची अट तरी काटेकोर राहील. मजला फुटला. माझी हरकत अद्याप प्रलंबित आहे. साडू बदलापूरला राहतात; मेहुणी आता भिंत न धरता चालते, असे फोनवर कळते. वरच्या खोलीला कुलूप आहे. पहाटे पाणी आल्यावर तेथे आता कोणी चालत नाही, आणि मला वेळेवर जाग येत नाही. याबाबत दाद नेमकी कोणाकडे मागावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.