न पाहिलेल्या जागेची साक्ष

सुनंदाचं झेरॉक्सचं दुकान पनवेलमध्ये एका पोलीस चौकीसमोर आहे. बारा वर्षांत तिनं पंच म्हणून कितीतरी पंचनाम्यांवर सह्या केल्या. हवालदार कागद घेऊन यायचा. "ताई, एक सही." जागेवर जावं लागत नसे. त्या बदल्यात दुकानासमोरची तिची स्कूटरही पोलीस उचलून नेत नसत.

समन्स आलं तेव्हाही तिनं आधी सही केली, मग वाचलं. वरदची केस. शेजारच्या रमाचा मुलगा. चार वर्षांपूर्वी तळोज्याच्या रस्त्यावर ट्रेलरखाली गेला होता.

पोलीस त्या रस्त्यावर मोजमाप घेत होते तेव्हा सुनंदा हॉस्पिटलात रमाला धरून बसली होती. पंचनाम्यावर सही तिनं दुसऱ्या दिवशी काउंटरवरच केली होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकील म्हणाले, "दुसरा पंच वारला. आता तुम्हीच. ट्रेलर उलट्या बाजूला होता, एवढं म्हणा. नाहीतर ड्रायव्हर सुटेल."

ते आत गेल्यावर रमा म्हणाली, "तू माझ्यापाशी होतीस, मला माहीत आहे. कोर्टाला कशाला सांगायचं?"

"हं."

"चहा घेतेस?"

"नको."

पुकारा झाला. सुनंदानं शपथ घेतली. पंखा फिरत होता. वकिलांनी कागद पुढे धरला.

"सही तुमची?"

"माझी."

"पंचनाम्याच्या वेळी घटनास्थळी तुम्ही हजर होतात?"

उत्तर पाठ होतं. ते आलं नाही.

"नाही. मी रमाजवळ होते."

"नीट आठवून सांगा, बाई."

"आठवतंय. ती पाणी पीत नव्हती."

टाइप करणाऱ्या मुलीनं तेही टाइप केलं. वकिलांनी सुनंदाला फितूर ठरवायची परवानगी मागितली. पुढचे प्रश्न तिला ऐकू येत होते. ती नाही म्हणत राहिली.

बाहेर ऊन होतं. रमा गेटशी उभी होती.

"कधी ठरवलंस?"

"ठरवलं नव्हतं."

"चार वर्षं डबा दिलास मला, सुनंदा. आज एक वाक्य नाही देता आलं?"

रिक्षा आली. रमा आत बसली. सुनंदा चढायला पुढे झाली, तेव्हा रमानं आपली पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली.

"चला," ती रिक्षावाल्याला म्हणाली.