वेंडेलचा कान

वेंडेल क्रूगरचा कान म्हणजे काय चीज होती, हे विस्कॉन्सिनच्या त्या गावात कुणालाही विचारा. चौतीस वर्षं त्यानं शाळेत पोरांना समूहगान शिकवलं, आणि दर मंगळवारी ल्युथरन चर्चच्या तळघरात बाप्यांचं बार्बरशॉप, म्हणजे तिकडचं जुन्या ढंगाचं समूहगान. वाद्य नाही, काही नाही, नुसते चार पट्ट्यांतले आवाज. केसभर कोण उतरला, ते हा पाठ फिरवून सांगायचा. बायको गेली, फर्न, तेव्हा त्याच्याकडे दोनच गोष्टी उरल्या: मंगळवार आणि कान. "कान गेला त्या दिवशी मी घरी बसेन," असं तो सांगत फिरायचा. माणसानं असं बोलू नये.

वाद्याविना गाताना सूर हळूहळू खाली घसरतोच, कितीही जपा. म्हणून गाणं संपलं की सुरुवातीचा सूर पिपाणीवर वाजवून ताडून बघायचा, अशी रीत. पिपाणी ऑरिनकडे. गाई विकून मोकळा झालेला, पंचाहत्तरीचा गडी. गेली चार वर्षं त्याची पिपाणी आणि गाण्याचा शेवट तंतोतंत जुळत होते. वेंडेल खूश. स्पर्धेत सपशेल शेवटचे आले, तर यानं परीक्षकांनाच बहिरं ठरवलं.

या मार्चमध्ये ऑरिन बर्फावरून घसरला, खुब्याचं हाड मोडलं. पिपाणी वेंडेलकडे आली. गाणं संपलं, त्यानं फुंकली, तर सूर कुठल्या कुठे वर. पिपाणीच बिघडली असेल म्हणून त्यानं पियानोवर ताडून पाहिलं. पिपाणीला काही झालं नव्हतं. गाणारे अकराही जण आपापल्या बुटांकडे बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो इस्पितळात गेला. ऑरिननं आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, आम्ही जिथे उतरायचो तिथलाच सूर मी वाजवायचो. फर्न गेली तेव्हापासून.

"कान गेल्याचं तुला कळलं असतं तर तू घरी बसला असतास," ऑरिन म्हणाला. "मग आम्ही कुठे जायचं होतं? आणि त्या रिकाम्या घरात तू तरी काय केलं असतंस लेका?"

यावर रागवायचं तरी कसं? पण खुर्चीवर बसल्या बसल्या वेंडेलला लाइल आठवला. लाइल बॅकन, पोस्टमन, वरच्या पट्टीतला हिरा. तीन वर्षांमागे वेंडेलनं त्याला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, तुझा कान गेलाय, आता पुरे कर. तो एकटाच वेगळा ऐकू यायचा. का नाही येणार? सुरात तो एकटाच होता. आणि बाकीच्यांनी तेव्हाही तोंडं शिवली होती.

वेंडेल तडक त्याच्या घरी गेला. लाइल गॅरेजमध्ये मासेमारीचे गळ घासत बसला होता. वेंडेलनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चूक माझी म्हणाला, परत ये म्हणाला.

लाइलनं फडक्याला हात पुसले. "चर्चमध्येसुद्धा मी नुसते ओठ हलवतो रे. नातीच्या लग्नात गा म्हणाले, नाही गायलो. तू सांगितलं होतंस. तुझ्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?"

"आता गा. एक ओळ. माझ्यासाठी."

लाइलनं फडकं खाली ठेवलं. मग उभा राहिला, घसा खाकरला आणि गायला. तीन वर्षं न वापरलेला आवाज, जाडाभरडा, थरथरता. ओळ संपली तसं त्यानं लहान पोरासारखं वेंडेलच्या तोंडाकडे पाहिलं.

"लागला का रे बरोबर?"

वेंडेलला सांगता येईना.