पेस्टमधला अंगठा

बुद्धभूषण अचानक गेला, तेव्हापासून घोडेगावातलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान त्याची बायको प्रज्ञा एकटीच चालवायची. चांगदेवकाकांनी लॅपटॉप पुढं सरकवला. “बुद्धभूषणभाऊंनी नवा प्रोसेसर टाकला, तवापासून चालूच होत न्हाई.”

तिनं तो खोलला. प्रोसेसर तापू नये म्हणून लावतात त्या पांढऱ्या पेस्टमध्ये, कडेला, नवऱ्याच्या अंगठ्याचा ठसा होता. अजून ओला. “बोटानं काय फासता? प्लास्टिकच्या कार्डानं पसरवा की!” यावरून ती रोज भांडायची.

नवा प्रोसेसर या लॅपटॉपला मानवत नव्हता. काढून ठेवलेला जुना परत बसवायचा तर ठसा पुसावा लागणार होता. तिनं पुसला. नवी पेस्ट घेतली, कार्ड उचललं, परत खाली ठेवलं आणि अंगठा टेकवला.

बटण दाबताच स्क्रीन उजळली.

“तुमीच केलं व्हय?”

“न्हाई,” अंगठा मुठीत मिटत ती म्हणाली, “ह्यांनी.”