सगळीकडे लावा

मदतीच्या फोनवर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. एक फोन ठेवला की दुसरा वाजतो! हसून घ्यायचं, दुसरं काही हातात नसतं.

अमरावतीत आमचं छोटं ऑफिस होतं. नसीमभाईंनी एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. कृषी प्रशिक्षकांनी त्यात स्वतः धडे तयार करायचे आणि गावोगावच्या केंद्रांत ते पडद्यावर दाखवायचे. पण अक्षरं, रंग, चौकटी यांची बटणं इतकी की प्रशिक्षक चक्रावून जायचे. ती सोपी करायचं काम माझ्याकडे. मी नववीतून शाळा सोडलेला. नसीमभाई म्हणाले, "तेरे को समझा, तो सबको समझेगा!"

त्या वर्षी खरा धडा एकच होता, फवारणीचा. मागच्या हंगामात कीटकनाशक फवारताना माणसं कपाशीतच चक्कर येऊन पडली होती. फवारे सुरू व्हायच्या आत धडा पोचायला हवा होता.

*

अकोल्याच्या तायडे सरांनी पहिला नमुना पाठवला. प्रत्येक ओळ वेगळ्या रंगात, प्रत्येक शब्दाला सावली, वर नक्षीची चौकट. हातमोजे घाला, हे वाक्य तर चक्क नाचत होतं!

मी भीतभीतच विचारलं, "सर, एवढं सगळं काहून?"

"बटनं तुमीच देल्ली ना? मंग वापरू नाही त काय लोणचं घालू त्याचं?"

*

मग मी प्रत्येक बटणाखाली माहिती लिहिली. अगदी मनापासून.

तिवशाच्या मॅडमचा फोन आला. "दादा, लय छान लिहिलं तुमी. पुरं वाचून काढलं."

"आणि धडा?"

"धडा कुठचा? वाचतावाचता लाईन गेली, कॉम्प्युटर बंद!"

*

माहिती काढून टाकली. साधी नावं दिली. 'अक्षर मोठे करा' हे बटण धामणगावच्या एका सरांना फारच आवडलं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना चष्मे नव्हते, म्हणून सर बटण दाबतच राहिले.

केंद्रात धडा सुरू झाला. पडद्यावर नुसता 'फ'!

*

शेवटी नसीमभाईंनी सगळी बटणं लपवली. चार तयार रंगसंगती ठेवल्या, प्रत्येकीचं चित्र दिलं आणि खाली एकच बटण: 'सगळीकडे लावा'. ते सगळ्यांना समजलं. आठवडाभर एकही फोन नाही! नसीमभाईंनी समोसे मागवले.

तायडे सरांनी हिरवी रंगसंगती निवडली, बटण दाबलं आणि फवारणीचा धडा सगळ्या केंद्रांना पाठवून दिला.

समोसा खाताखाता नसीमभाईंनी तो उघडला आणि त्यांचा हात थांबला. औषधाच्या डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे जहाल विष, हिरवा म्हणजे सगळ्यात सौम्य. हिरवा रंग खरोखरच सगळीकडे लागला होता. धड्यातला लाल त्रिकोण हिरवागार झाला होता!

"फोन लगा," नसीमभाई म्हणाले. "सबको लगा."

आलेला फोन घेणं वेगळं, स्वतःहून अनोळखी माणसाला फोन लावायचा म्हटलं की मला घाम फुटतो. तरी लावला. हिवरखेडच्या केंद्रात धडा नुकताच संपला होता. केंद्रवाल्याने फोन एका शेतकरी काकांच्या हातात दिला. मी अडखळत सांगितलं, "काका, पडद्यावरचा रंग चुकला. तो त्रिकोण लाल आहे, लाल! सगळ्यांना सांगा."

काका मोठ्याने हसले.

"काहून घाबरून राहिला रे बाप्पा! रंग कोन पाह्यते? आमी त झाकन उघडून वास घेऊन पाह्यतो, किती कडक हाय थे!"