मागच्या घडीवरच्या ओळी
मैद्याच्या खळीचा वास आला, की लग्न होऊन जर्मनीला गेलेल्या धाकट्या बहिणीचं पत्र आठवतं. कोंढा गावातल्या आमच्या घरी ते मी आईला वाचून दाखवत होते. तिनं लिहिलं होतं, की तिथली भाषा शिकायला ती डब्यांवर जर्मन नावांच्या चिठ्ठ्या चिकटवते. आई शेजारणीला म्हणाली, "पाहा वो, माही पोरगी किती हुशार हाय!" माझा जळफळाट झाला. मी डब्यांवर चिठ्ठ्या लावायचे, तेव्हा हीच आई म्हणायची, "कायले खळ नासवून राहिली?" मी तिथंच पत्र मिटलं आणि आईनं सांगितलेल्या उत्तरात माझी एकही ओळ घातली नाही. पुढे कधीतरी त्याच पत्राच्या मागच्या घडीवर दिसलं, 'ताई, इथं बोलायला कोणी नाही. तुझ्यासारख्या चिठ्ठ्या लावल्या, की घर आपलं वाटतं.' माझ्या वहीतल्या रोजच्या यादीतलं प्रत्येक काम संध्याकाळपर्यंत खोडलं जातं. 'मागच्या ओळी उशिरा वाचल्या, हे तिला सांगणे' एवढं मात्र मी अजून पुढच्या पानावर उतरवते आहे.